तिसऱ्या ओळीचे बोंबील

लवू परबला कुणाचा मार्गदर्शक वगैरे व्हायची हौस नव्हती. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात वारा आणि पाणी कसं वाहतं याचा तो अभ्यास करत होता, आणि चार वर्षं झाली तरी त्याची स्वतःची पीएच.डी. गाळात रुतलेल्या होडीसारखी जागची हलत नव्हती. पण त्याच्या गाइड सुचेता मॅडम यांनी 'प्रवाहमित्र' योजनेच्या यादीत परस्पर त्याचं नाव घातलं. "दुसऱ्याला समजावताना तुलाही काहीतरी समजेल," असं त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या, की हा टोमणा होता हे लवूला दोन दिवसांनी कळलं.

योजना साधी होती. विभागातल्या बारा संशोधकांनी अकरावी-बारावीची बारा मुलं वाटून घ्यायची, दर शनिवारी त्यांच्याकडे जायचं आणि त्यांच्या रोजच्या जगण्यातला एखादा वाहत्या हवेचा नाहीतर पाण्याचा प्रश्न घेऊन प्रयोग करायचा. जानेवारीअखेर विद्यापीठात सादरीकरण, आणि बारांतल्या एकाला उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काम करायची जागा. नियमांचा एक कागदही होता. त्यात सहाव्या क्रमांकावर लिहिलं होतं, की मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या घरून कोणतीही भेटवस्तू स्वीकारू नये. लवूने कागदावर न वाचताच सही केली आणि नंतर वाचला, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याच्या वाट्याला भाईंदरजवळच्या, समुद्रकाठच्या उत्तनची फ्लेव्हिया आली. अकरावी सायन्स, दोन वेण्या, आणि समोरच्याने वाक्य पुरं करायच्या आत त्यातली चूक काढायची सवय. पहिल्याच शनिवारी लवूने आल्या आल्या भाषण ठोकलं. हवा दिसत नसली तरी ती काय करते ते मोजता येतं, मोजमाप हाच खरा गुरू, वहीत लिहिलेलं कधी खोडायचं नाही, वगैरे. फ्लेव्हियाने ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमची पीएच.डी. कधी होणार?"

लवू घोटभर पाणी प्यायला आणि त्याने विषय बदलला.

प्रयोगासाठी प्रश्न शोधायला फार लांब जावं लागलं नाही. फ्लेव्हियाच्या घरामागे समुद्राकडे तोंड करून बोंबील सुकवायच्या तीन वलांड्या उभ्या होत्या. उभे बांबू, त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. एक ओळ समुद्राच्या बाजूला, दुसरी तिच्यामागे, तिसरी अगदी स्वयंपाकघराच्या दाराशी. वारा समुद्रावरून येतो, म्हणजे तो पहिल्या ओळीला आधी भेटणार आणि तिसरीला उरलासुरला मिळणार. मग कुठली ओळ किती लवकर सुकते? दोन ओळींत किती अंतर हवं? प्रश्न सुरेख होता. लवू हरखला. त्याच्या प्रबंधातही एकामागे एक उभ्या खांबांमधून वाहणारी हवाच होती, फक्त त्याच्या खांबांना वास नव्हता.

पद्धत ठरली. प्रत्येक ओळीतल्या चाळीस बोंबलांना शेपटीशी लाल दोरा बांधायचा. शुक्रवारी सकाळी ओले असताना वजन करून टांगायचे आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा वजन करायचं. जितकं वजन घटेल तितकं पाणी उडालं. फ्लेव्हिया वजनकाटा वाचणार आणि वही लिहिणार. बोंबील काढून टोपलीत घालायचं काम तिच्या आईने, मार्सेलिनने, स्वतःकडे घेतलं. "तुझे वहीला वास लागंल," ती म्हणाली, "तू लिव, मी काढते."

मार्सेलिनच्या बोलण्यात अहो-जाहोला जागा नव्हती. सर असो की फादर, सगळ्यांना ती अरे-तुरेच करी आणि त्यात इतका जिव्हाळा असे की कुणाला वावगं वाटत नसे. मुलीबद्दलचा तिचा हिशोबही तिने लवूला पहिल्याच दिवशी जेवताना सांगून टाकला होता. "सर, हिचा सिलेक्शन झाला तर इंजिनेरिंग. न्हाय झाला तर लॉरासंगती नर्सिंगला घालते. लॉरा माझे भावाची पोर. तिकडे वळखीचा हाय, इंजिनेरिंगमदी आमचा कोन हाय?" फ्लेव्हियाने ताटातला भात नुसताच चिवडला. नर्सिंगमध्ये वाईट काही नव्हतं, पण रक्त पाहिलं की तिला भोवळ यायची आणि पंख्याची पाती पाहिली की ती तासभर तिथेच उभी राहायची. लवूने ते पाहिलं होतं. ही जागा हिला मिळायलाच हवी, असं त्याच्या मनाने तेव्हाच घेतलं.

शनिवारचा क्रम ठरून गेला. लवू हाटकेशच्या आपल्या भाड्याच्या खोलीवरून निघे, भाईंदरला उत्तनची बस पकडे, राई-मुर्धा मागे टाकत अकराला पोहोचे. दोन वाजेपर्यंत शिकवणं. दोनला फ्लेव्हिया चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला पळे, आणि मग मार्सेलिन लवूला कालवण-भात वाढी. निघताना ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं हातात देई. आत बारा अर्धसुके बोंबील. लवू कुडाळकडचा. अर्धसुका बोंबील रव्यात घोळवून तळला की त्याचं काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सहावा नियम आठवून त्याने पहिल्यांदा "नको आंटी" असं म्हणून पाहिलं, पण ते इतकं पुटपुटत म्हटलं की त्याला स्वतःलाच ऐकू गेलं नाही. शिवाय भेटवस्तू म्हणजे पेन, घड्याळ, शाल. बोंबील ही वस्तू आहे का? लवूने बसमध्ये बसून यावर बराच विचार केला आणि नाही असा निर्णय दिला.

हे पुडकं हाटकेशच्या खोलीवर न्यायची सोय नव्हती, कारण घरमालकांच्या इमारतीत अंडंसुद्धा चोरून आणावं लागे. म्हणून लवू ते थेट काशीगावात महिपतच्या घरी नेई. महिपत म्हणजे विभागातल्या हवेच्या बोगद्याचा, म्हणजे विंड टनेलचा, मदतनीस. बोगद्याचा पंखा चालू-बंद करायचा, धूर सोडायचा आणि संशोधकांच्या चुका कुणाला न सांगता दुरुस्त करायच्या, हे त्याचं काम. त्याची बायको गिरिजा बोंबील तळी आणि तिघं मिळून बाराच्या बारा संपवत.

मोजणीच्या पहिल्याच रविवारी उत्तनला रणकंदन झालं. तिसऱ्या ओळीत चाळीसऐवजी अठ्ठावीसच बोंबील भरले. फ्लेव्हियाने आकाशपाताळ एक केलं. गल्लीतल्या मांजरांवर आळ आला, त्यातल्या एका बोक्याला तर तिने नाव घेऊन दोषी ठरवलं. "मम्मी, असं नाय चालणार! चाळीस म्हणजे चाळीस पाहिजेत. एक जरी कमी झाला तर माझा प्रोजेक्ट गेला!" मार्सेलिनने मान डोलावली. पुढच्या रविवारी चाळीस म्हणजे चाळीस भरले, आणि त्यानंतर कधी चुकले नाहीत. बोका सुधारला, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आणि मग तो चमत्कार दिसू लागला. शुक्रवारी तिन्ही ओळी सारख्याच भरत, पण रविवारी पहिली ओळ एक किलो आठशे, दुसरी दोन किलो, आणि तिसरी, जिला वारा सर्वांत कमी मिळायला हवा ती, फक्त एक किलो साडेसहाशे! पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. सगळ्यांत मागची ओळ सगळ्यांत आधी सुकत होती.

लवूची झोप उडाली. त्याने कॉम्प्युटरवर तीन वलांड्या उभ्या केल्या आणि हवा सोडली. पहिल्या दोन ओळींमागे वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि ते तिसऱ्या ओळीला चाटून जातात, असं त्याला वाटत होतं. कॉम्प्युटरला तसं वाटत नव्हतं. लवूने आकडे थोडे इकडेतिकडे केले, पुन्हा केले, आणि चौथ्या रात्री कॉम्प्युटर थकून त्याच्याशी सहमत झाला. लाल-निळं चित्र इतकं देखणं आलं की लवूने ते मोबाइलच्या पडद्यावर लावलं. सुचेता मॅडमनीही ते पाहिलं आणि "इंटरेस्टिंग" म्हटलं. चार वर्षांत त्यांनी हा शब्द लवूसाठी पहिल्यांदाच वापरला होता.

पाचव्या आठवड्यात लवूला ताप आला आणि तो उत्तनला गेला नाही. त्या रविवारी तिसऱ्या ओळीचं वजन भरलं दोन किलो शंभर. म्हणजे सर्वांत जास्त. सर्वांत ओली.

"सर, हे उलटं आलं," फ्लेव्हियाने पुढच्या शनिवारी वही पुढे केली.

"वारा पडला असेल," लवू म्हणाला.

"नाय पडला. मी रोज लिहिते."

"मग दमट हवा असेल. एखादा आकडा असा भरकटतो. तो वगळायचा, आलेखात घ्यायचा नाही."

"खोडू?"

खोडायचं नाही, असं भाषण लवूने स्वतःच ठोकलं होतं. ते त्याला आठवलंही. "खोडू नकोस," तो म्हणाला, "नुसतं घेऊ नकोस." फ्लेव्हियाने त्या आकड्याभोवती पेन्सिलीने एक गोल काढला. ही मुलगी गप्प बसली की लवूला जरा अस्वस्थ वाटायचं, पण त्या दिवशी कालवणात कोलंबी होती.

सादरीकरणाच्या दिवशी फ्लेव्हिया सकाळी नऊलाच विद्यापीठात हजर झाली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वेण्या घट्ट, हातात ती वही. मार्सेलिनला मासळीबाजार सोडून येता आलं नव्हतं, पण तिने मुलीच्या कपाळावर क्रूस काढून पाठवलं होतं. पहिलं सादरीकरण साडेदहाला, फ्लेव्हियाचं अकराला. लवूने तिला हवेचा बोगदा दाखवायला नेलं. तिने पंख्याच्या पात्यांकडे असं पाहिलं, की लवूला वाटलं आता हिला इथून ओढूनच न्यावं लागेल.

महिपत चहा घेऊन आला. "ही का तुमची बोंबीलवाली?" त्याने कौतुकाने विचारलं. "पोरी, तुझ्या आईच्या हाताला तोड नाही बघ. आमची गिरिजा म्हणते, आता शनिवारी बारा बोंबील आल्याशिवाय चुलीला बरंच वाटत नाही."

फ्लेव्हियाचा कप ओठांपाशी थांबला. "बारा?"

"दर शनिवारी. मोजून बारा. एक शनिवार सरांना ताप होता, तेवढाच काय तो चुकला."

नेमकं काय बिघडलंय ते लवूला अजून कळलं नव्हतं, पण त्याच्या पोटाला कळलं होतं, आणि या प्रकरणात पोटाचा अधिकार मोठा होता. फ्लेव्हियाने कप खाली ठेवला, वही उघडली, पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"मम्मी, शनिवारी सरांना बोंबील कुठले द्यायचीस?"

"कुठले म्हंजे? दारातले. तिसरे वलांडीवरचे. थयसे चांगले फुगीर असतात," बाजाराच्या कलकलाटातून मार्सेलिनचा आवाज आला. "का गो?"

"मग चाळीस कसे भरायचे?"

"तूच कालवा केलास ना, चाळीस म्हंजे चाळीस! मंग मी मागचे आठवड्याचे सुके बारा लावायची त्यांचे जागेवर. लाल दोरा पन बांधायची. पाहुना रिकामे हाती जावाचा काय आपले घरातून?" जरा थांबून तिने विचारलं, "काय चुकला काय माझा?"

"नाय मम्मी," फ्लेव्हिया म्हणाली. "काय नाय चुकला." आणि तिने फोन ठेवला.

महिपतने कप गोळा केले आणि पाय न वाजवता निघून गेला. लवू स्टुलावर बसला. भोवरे गेले, लाल-निळं चित्र गेलं, मॅडमचा तो 'इंटरेस्टिंग' गेला. दोन महिने ज्या गूढाचा त्याने पाठलाग केला होता, ते त्याने दर शनिवारी रव्यात घोळवून खाल्लं होतं. निर्दोष बोक्यावर आळ आला होता तो वेगळाच.

घड्याळात पावणेदहा झाले होते. लवूच्या मनात पहिला विचार आला तो भला नव्हता. कुणालाच माहीत नाही. महिपत बोलणार नाही. आलेख छान आहे. आज असंच जाऊ द्यावं, हिला जागा मिळू दे, मग सावकाश बघू. तो "फ्लेव्हिया, आज आपण…" एवढं म्हणाला आणि थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लवूने तिला रागावलेलं पाहिलं होतं, रडताना कधीच नाही.

"जागा गेली ते जाऊ दे, सर," ती म्हणाली. "पण खरं सांगितलं तर सगळे मम्मीला हसतील. तिला वाटेल तिनेच माझं वाटोळं केलं. तिने तर नीट चाळीस करून ठेवले होते."

लवूला लाज वाटली. अगदी मनापासून, कानापर्यंत. आपण जागेचा विचार करत होतो, मॅडमचा विचार करत होतो, आणि ही पोरगी आईचा विचार करतेय.

"आईला कशाला हसतील?" तो म्हणाला. "बोंबील आईने खाल्ले का? मी खाल्ले. नियम मी मोडला. तू माझं नाव घाल. मोठ्या अक्षरात घाल."

फ्लेव्हियाने बाहीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं ते पाहून आपण फार घाईने बोललो की काय, असं लवूला वाटून गेलं.

अकरा वाजता फ्लेव्हिया मंचावर उभी राहिली. मार्गदर्शकांनी मध्ये बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळे लवू मागच्या रांगेत हात बांधून बसला. तिने पहिला आलेख दाखवला. मागची ओळ सर्वांत आधी सुकते. सभागृहात कुजबुज झाली. तिने भोवऱ्यांचं चित्र दाखवलं. समोर बसलेले परीक्षक पुढे झुकले.

"हे चित्र माझ्या सरांनी काढलं," फ्लेव्हिया म्हणाली. "चित्र सुंदर आहे, पण चुकीचं आहे. आमच्या उत्तनला पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पाहुणा दर शनिवारी तिसऱ्या ओळीतले बारा बोंबील घेऊन जात होता आणि त्यांच्या जागी सुके लावले जात होते. पाहुणा म्हणजे श्री. लवू परब, प्रयोगाचे मार्गदर्शक. आमच्या मोजमापानुसार सरांचा सुकवण्याचा वेग समुद्राच्या वाऱ्यापेक्षा जास्त आहे."

सभागृहात हशा कोसळला. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क परीक्षकांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लवूच्या शेजारच्या संशोधकाने त्याच्या पोटाकडे आदराने पाहिलं. लवूही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि मार्सेलिनला कुणीही हसलं नव्हतं.

हशा ओसरल्यावर सुचेता मॅडम बोलल्या. त्या हसल्या नव्हत्या; त्यांच्यासमोर वहीची झेरॉक्स होती. "वहीतला पाचवा आठवडा आलेखात नाही. पाहुणा त्या आठवड्यात आला नव्हता ना?"

"नाही, मॅडम."

"म्हणजे तुझ्याकडे एकच खरा आठवडा होता, आणि नेमका तोच गाळला. का?"

इतका वेळ धडाधड बोलणारी फ्लेव्हिया वहीकडे पाहत उभी राहिली. बोंबील खाण्याची गंमत सांगणं वेगळं आणि हे सांगणं वेगळं, हे तिला कळत होतं. मागच्या रांगेत लवूलाही कळत होतं. बोंबलांवर त्याला हसू आलं होतं. यावर आलं नाही.

तो हात वर करून उभा राहिला. "मी सांगितलं, मॅडम. तो आकडा मला नको होता."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "बस," त्या म्हणाल्या. मग फ्लेव्हियाकडे वळल्या. "आणि तू खोडला नाहीस."

"सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, वहीतलं खोडायचं नाही," फ्लेव्हिया म्हणाली. "मी सरांचं ऐकलं. पहिल्या दिवसाचं."

संध्याकाळी यादी लागली. उन्हाळ्याची जागा फ्लेव्हियाला मिळाली होती. खाली मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती: प्रयोग पुन्हा करावा, मार्गदर्शक तोच, आहार वेगळा. लवूने ती दोनदा वाचली. मग खोलीवर जाऊन त्याने आपल्या प्रबंधाची फाइल उघडली आणि दोन वर्षांपूर्वी वगळलेले नऊ आकडे शोधून परत आलेखात घातले. आलेख फारच कुरूप दिसू लागला. लवू रात्रभर त्याच्याकडे पाहत बसला, आणि पहाटे त्याला पहिल्यांदाच वाटलं की यातून काहीतरी कळेल.

पुढच्या शनिवारी तो उत्तनला गेला तेव्हा मार्सेलिन नेहमीसारखी बोलली नाही. तिने कालवण वाढलं, भात वाढला, पण निघायची वेळ झाली तशी ती दारात घुटमळू लागली. मुलीने तिसऱ्या वलांडीला हात लावायची बंदी घातली होती. लवू रिकाम्या हाताने उंबऱ्यापर्यंत आला आणि मार्सेलिनचा चेहरा असा झाला, की जणू तिलाच कुणीतरी घराबाहेर काढलंय.

"सर, थांबा," मागून फ्लेव्हियाचा आवाज आला. आज ती सरावाला गेली नव्हती. तिने त्याला घराच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तिथे, वाऱ्याच्या वाटेपासून लांब, एक चौथी, बुटकी वलांडी उभी होती. नव्या बांबूंची. तिच्यावर फक्त बारा बोंबील होते, आणि त्यांच्या शेपट्यांना लाल नव्हे, पांढरा दोरा बांधला होता.

"मम्मीने काल उभी केली, पण रकाना आखेपर्यंत हिलाही हात लावायची बंदी होती," फ्लेव्हिया म्हणाली. तिने वही उघडून दाखवली. तीन ओळींच्या रकान्यांशेजारी चौथा रकाना आखला होता, त्यावर लिहिलं होतं, 'पाहुणा'.

मार्सेलिनने भराभर बारा बोंबील काढले, कागदात गुंडाळले आणि लवूच्या हातात कोंबले. तिचा जीव भांड्यात पडला होता. लवू पुडकं छातीशी धरून वळला.

"असं नाय, सर," फ्लेव्हियाने पेन पुढे केलं. "आधी मोजून घ्या. आणि इथे सही करा."

लवूने पुडकं उघडलं, बारा मोजले आणि सही केली.